धवलारणीचे दात

कामोठ्यातल्या एका सोसायटीच्या गणपतीत मी दातांवर बोलायला उभा होतो. गणपतीत डॉक्टर बोलवायची आमच्याकडे पद्धत आहे. एक वर्ष डोळ्यांचे, एक वर्ष गुडघ्यांचे, आणि कुणीच मिळालं नाही की दातांचे. माझ्याआधी लहान मुलांची वेशभूषा झाली होती आणि माझ्यानंतर संगीत खुर्ची होती. त्यामुळे हॉल भरलेला होता हे खरं, पण लोक मला ऐकायला बसले नव्हते, खुर्च्या धरून बसले होते.

अशा वेळी मी हुकमी एक्का काढतो. एक छोटी लाल गोळी असते. ती चावायची, जिभेनं तोंडभर फिरवायची आणि चूळ भरायची. दातांवर जिथे जिथे जंतूंचा थर राहिलेला असतो, तिथे तिथे गुलाबी रंग चढतो. स्वच्छ दात पांढरेच राहतात. एरवी मी एखाद्या मुलाला पुढे बोलावतो. त्या दिवशी एकही पोर उठेना. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ठीक आहे, मीच खातो. नीट घासलेले दात कसे असतात तेही बघून घ्या."

सकाळी आरतीच्या घाईत मी ब्रश नुसता फिरवला होता, आणि दुपारी मोदकांवर मोदक झाले होते, हे मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी गोळी चावली, चूळ भरली आणि हॉलकडे बघून जाहिरातीतल्या माणसासारखा हसलो.

आधी पहिली रांग हसली, मग दुसरी. माईकवाला मुलगा भला होता, तो माईकवरच म्हणाला, "सर, खाली पण आहे. आतून जास्त आहे." हिरडीच्या कडेकडेनं माझ्या दातांना एक सुबक गुलाबी झालर लागली होती. बायको वैशाली पहिल्या रांगेत होती. तिनं पर्स तोंडासमोर धरली आणि आपली खुर्ची कशी आहे ते बघायला लागली.

घरातल्या भाचरांना ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे, आणि ती नेहमी इथेच संपवायचो. पुढचं फारसं सांगितलं नाही, कारण पुढच्या भागात माझी जरा शेखी आहे. या अंकाच्या निमित्तानं ती मिरवून घेतो.

कार्यक्रम संपल्यावर मी कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन तोंड खळखळवत होतो. मागून आवाज आला.

"तुजेबी दात घान हायत न?"

वळून बघितलं. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, सत्तरीकडे झुकलेलं वय आणि कमरेवर हात. मी म्हणालो, "हो मावशी. दिसलंच तुम्हाला."

"मंग बरां झालं. त्या दुसऱ्या डाक्टरानं मना असा बगला, जसा त्याच्या तोंडात देवच बसलाय. तू मना चालशील."

या पदूबाय. कामोठ्याच्या जुन्या गावातल्या. घरची शेती होती, सासरच्यांचं मिठागर होतं, दोन्ही गेलं आणि तिथे हे सेक्टर उभे राहिले. मुलगा मोरेश्वर बांधकामाला रेती-सिमेंट पुरवतो आणि त्याचा फ्लॅट त्याच सोसायटीत आहे. पण पदूबायची खरी ओळख निराळी. त्या धवलारीण. आमच्या पनवेल-उरणच्या आगरी लग्नात भटजी असतातच, पण त्यांच्याइतकाच मान धवलारणीचा. मांडव उभारण्यापासून नवरा-नवरीला न्हाऊ घालेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला गाते. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात. पदूबाय आपल्या आत्याकडून शिकल्या. साथीला पेटी नाही, ढोलकी नाही. शब्द आणि गळा, एवढंच.

आठवड्याभरात त्या पनवेलला माझ्या दवाखान्यात आल्या. बरोबर मोरेश्वर आणि नात प्राची. माघात प्राचीचं लग्न ठरलं होतं. साऱ्या गावाच्या पोरी त्यांनी धवले गाऊन सासरी पाठवल्या होत्या, आता घरची पोर निघाली होती, आणि नेमके दात हलायला लागले होते.

"त्या डाक्टरानं सांगलं, पुढचे समदे काराचे नि कवली बसवाची," पदूबाय म्हणाल्या. "कवलीचा धवला आयकलास कदी? आमच्या शेजारच्या गावची एक हाय. मांडवात उबी ऱ्हायली, तोंड उगारलं, कवली पुरं आली नि धवला मागं ऱ्हायला."

प्राची खाली मान घालून हसली. पदूबाय हसल्या नाहीत.

"डॉक्टर, तुमी लेझर मारा, इम्प्लांट मारा, काय मारायचं ते मारा," मोरेश्वर म्हणाला. "आईला त्रास नको, बास."

मी तोंड बघितलं. वरचे पुढचे दात थोडे हलत होते. खालचे चार मात्र बोट लावलं की पेटीच्या पट्ट्यांसारखे एकेक खाली-वर होत होते. हिरड्या सुजून काळपट झालेल्या. आणि त्या खालच्या दातांच्या मागे कीटणाची एक सलग भिंत.

इथे थोडं थांबून माझा धंदा समजावून सांगतो, कारण लोकांना वाटतं की आमचा धंदा किडीचा आहे. तो खरं तर एका थराचा आहे. दात कितीही लख्ख घासा, काही तासांत त्यावर जंतूंचा एक मऊ, चिकट, पांढुरका थर परत बसायला लागतो. माझ्या दातांवर बसतो, तुमच्या बसतो, लाल गोळीनं तो भर हॉलमध्ये दाखवला. तो दुखत नाही, खुपत नाही, आणि नुसती चूळ भरून निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो, आणि रोज. काढला नाही तर थुंकीतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं दगडासारखं कीटण होतं. मग ते ब्रशच्या बापाच्यानंही हलत नाही, आमच्याकडेच यावं लागतं. त्या कीटणाच्या आडोशानं जंतू हिरडीखाली उतरतात. हिरडी सुजते, रक्त येतं, आतलं हाड हळूहळू झिजतं. दात बाहेरून पांढरा, अखंड दिसतो, आणि पायाखालची जमीन गेलेली असते. जमीन गेल्याची गोष्ट पनवेलच्या माणसाला वेगळी समजवायला नको.

"मशेरी लावता?" मी विचारलं.

"नाय."

"आजी!" प्राची.

"थोरी."

"थोडी म्हणजे?"

"सकाली उठल्यावर. मंग जेवल्यावर. मंग सांच्याला..." त्या आठवत राहिल्या. "डाक्टर, त्याच्याबिगर मना परसाकरंला व्हत नाय."

मशेरी म्हणजे तव्यावर काळीभोर भाजून कुटलेला तंबाखू. बायका तो बोटानं दातांना लावतात आणि समजतात की दात घासले. घासला जातो तो फक्त पुढचा, दिसणारा भाग. मागे भिंत तशीच वाढते. आणि तंबाखूनं हिरडी अशी दबून जाते की रक्त फारसं येत नाही, त्यामुळे दुखणं आतल्या आत लपून राहतं.

एक्स-रे काढला. मग मी खुर्ची सरळ केली आणि म्हणालो, "मावशी, वरचे राहतील. खालच्यांचं मी वचन देत नाही. प्रयत्न करू. पण राहतील की नाही ते माझ्यावर कमी आहे, तुमच्यावर जास्त. मशेरी बंद आणि दोन वेळा ब्रश."

हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलो आहे आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की डॉक्टर अंग काढून घेतोय. मोरेश्वरलाही तसंच वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं की एवढी गाडी काढून आलो आणि हा माणूस ब्रश करायला सांगतोय.

लोकांना ब्रश नको असतो. रोडपालीचे एक साहेब आहेत, मोठ्या कंपनीत आहेत. ते पिशवीतून टूथपेस्टच्या नळ्या टेबलावर मांडतात. मिठाची, लवंगेची, कोळशाची. "डॉक्टर, यातली कोणती?" मी सांगतो, "साहेब, कोणतीही, वाटाण्याएवढी. काम ब्रश करतो." ते दुखावतात, आणि पुढच्या वेळी हळदीची आणतात. द्रोणागिरीच्या गोदामात काम करणारा एक तरुण माझ्या सांगण्यावरून आपला ब्रश दाखवायला घेऊन आला. केस असे चहूबाजूंनी उमललेले की देवाला वाहावा. "कधी घेतला?" म्हटलं तर म्हणाला, "लग्नात रुखवतात आला होता." त्याची मुलगी शाळेत जात होती.

असो. पदूबायचं कीटण मी काढायला घेतलं. एकदम नाही, थोडं थोडं, हिरडी बधिर करून, मुळांपर्यंत. शेवटच्या दिवशी खालच्या दातांमागची ती भिंत निघाली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दोन दिवसांनी दवाखान्याबाहेर गाडी थांबली. मोरेश्वर चप्पल न काढताच आत आला. मागे पदूबाय, पदर तोंडाला.

"डॉक्टर, आणली तवा दात हालत होते. आता नाचतायत! फटीतून जीभ बाहेर येते आईची. ही सफाई क्यलीत का वाट लावलीत?"

बाहेर बसलेले पेशंट आत डोकावून बघायला लागले. एक बाई हळूच उठून गेल्या, त्यांची सफाईच होती.

आमच्या धंद्यात हा दिवस हमखास येतो. 'दात साफ केले की हलतात' हा समज गावोगाव आहे, आणि वाईट म्हणजे तो हवेतून आलेला नाही. कीटण दातांना मागून सिमेंटसारखं धरून असतं. ते निघालं की झिजलेल्या दाताची खरी हालत कळते, ज्या फटी कीटणानं भरलेल्या होत्या त्या उघड्या पडतात. हे मी आधी सांगितलं होतं. पण कापूस तोंडात असताना सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

मी पदूबायना खुर्चीत बसवलं आणि पदर बाजूला करायला सांगितलं. बघितलं तर हिरडीच्या कडेला परत मऊ थर.

"मावशी, ब्रश करताय?"

"नाय. रगत येतंय. पयले येत नव्हता, मशेरी सोरली नि येयाला लागला. जिथं रगत येतंय तिथं हात लावाचा का?"

ही चूक शिकलेले करतात, न शिकलेले करतात, माझा सख्खा मेव्हणा करतो. रक्त आलं की माणूस ती जागा सोडून देतो. पायाला जखम झाली की आपण जपतो, तसं. पण हिरडीतून रक्त येतं ते तिथे घाण बसलीय म्हणून. जागा सोडली की घाण वाढते, घाण वाढली की रक्त वाढतं. जिथे रक्त येतं तिथेच हलक्या हातानं घासायचं असतं. चार-आठ दिवसांत ते कमी होतं. नाही झालं तर डॉक्टर आहेच.

मोरेश्वर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. "आई, चल. खारघरला दुसरा डॉक्टर बघितलाय मी. एका दिवसात काढून देतो बोलला. लग्नापर्यंत कवळीची सवय होईल."

त्या उठायला लागल्या. मला दिसत होतं की त्या या दारातून बाहेर पडल्या तर दात संपले. घाईघाईनं म्हणालो, "मावशी, एक सांगा. मिठागरात पाणी घेतलं की पहिल्या दिवशी हातानं ढवळता येतं ना?"

"येतंय."

"आणि उन्हात तसंच ठेवलं तर?"

"मंग फावरा लागतंय." त्या परत टेकल्या. "तां मीठ असतंय, कीटन नाय."

"तुमच्या थुंकीतही मीठच आहे. आज ब्रशनं निघेल. थांबलात तर माझा फावडा लागेल. मी फावडा मारून आगर मोकळं केलंय. आता रोजचं पाणी मी कसं बघणार? मी पनवेलला, तुम्ही कामोठ्याला."

पदूबाय जिभेनं त्या फटी चाचपत होत्या. मोरेश्वर म्हणाला, "आई, गाडी डबल पार्किंगला लावलीय."

"मोऱ्या, गप. तू गारी बग." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कसा घासाचा, दाव."

त्यांनी ब्रश धरला तो मशेरीच्या बोटासारखा, सगळा जोर देऊन. मी म्हटलं, गजरा ओवताना सुई धरता तसा धरा. ब्रश मऊ. हिरडीकडे थोडा तिरका, छोटे छोटे हात, जागच्या जागी. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूनं. फटींसाठी वेगळा बारका ब्रश. रात्री निजायच्या आधी नक्की, कारण झोपेत थुंकी कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

"किती येल?"

दोन मिनिटं म्हणणार होतो, पण त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. प्राचीच म्हणाली, "आजी, एक धवला मनात म्हणायचा. तो संपला की ब्रश संपला."

"लांब का आकूर?"

"लांब," मी म्हणालो.

हा उपाय मी अजून वापरतो. घड्याळवाल्या विजेच्या ब्रशपेक्षा तो चांगला आहे, कारण गाणं मध्येच सोडवत नाही.

मग मशेरीची लढाई सुरू झाली. तिची झळ मला फोनवर लागायची. एका सकाळी मोरेश्वरचा फोन. "डॉक्टर, आईला मशेरी परत द्या, नायतर आमाला दुसरं घर द्या. माझ्या बायकोला बोलली, चाय उकललेली नाय. चाय समोर उकलत होती!" मी म्हटलं, बडीशेप द्या, सकाळी गरम पाणी द्या, पोटाचंही होईल. चार दिवसांनी त्याचा परत फोन, आवाज खाली. "पोटाचं झालं." एवढ्या आनंदानं ही बातमी मला पहिल्यांदाच कुणी दिली होती.

दिवाळीनंतर तपासायला आल्या तेव्हा एका दाताच्या कडेला काळसर डाग दिसला. मी आरसा त्यांच्या हातात दिला.

"शेजारनीकरं बसाया गेली होती," त्या म्हणाल्या.

"शेजारणीनं लावली का मग?"

"बोट लावलां. घासलां नाय."

प्राची खुर्चीमागे उभी राहून कपाळावर हात मारत होती. मी लाल गोळी काढली, पदूबायना दिली, स्वतः एक खाल्ली. दोघांनी आरशात बघितलं. खरं सांगतो, त्यांचे दात माझ्यापेक्षा कमी गुलाबी होते. मागच्या बाजूला तर रंग जवळजवळ नव्हताच. त्यांनी माझं तोंड नीट निरखलं आणि म्हणाल्या, "तू रातचा घासत नाय वाटतं." त्या रात्रीपासून मी नियमानं घासतो. वैशालीला कारण सांगितलेलं नाही.

हिरड्या गुलाबी झाल्या, घट्ट झाल्या. वरचे दात हलायचे थांबले. खालचेही बरेच धरले गेले, नुसते डुलायचे. मी हवेत होतो. आमच्या कामात असं समाधान क्वचित. दात काढून दिला की माणूस हात जोडतो, कवळी बसवली की पेढे आणतो. पण जो दात पडला नाही, त्याचे पेढे कोण आणणार? जे दात मी काढले त्यातले कितीतरी एका मऊ ब्रशनं वाचले असते, याची चुटपुट प्रत्येक वेळी चिमटा लावताना लागते. इथे निदान एक तोंड वाचलं, असं मी घरी जेवताना बोलून दाखवत होतो. वैशाली म्हणायची, लग्न तर होऊ दे.

लग्नाला थोडेच दिवस उरले असताना पदूबाय एकट्या रिक्षानं आल्या. पहिल्यांदाच एकट्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी टेबलावर ठेवली. आत दात. खालचा, मधला.

"चिंबोरीचा नांगा फोरला," त्या म्हणाल्या. "इहिनीकरं जेवाया होती. हातानं फोराची लाज वाटली, तोंडात घातला. लहानपनापासून दातानंच फोरते मी. डोक्यात आलाच नाय."

खेकड्याची नांगी! मी चुना, तंबाखू, सुपारी, बाटलीची झाकणं सगळं सांगितलं होतं. चिंबोरीचं सांगायचं सुचलं नव्हतं. आगरी बाईला दात जपायला सांगताना सगळ्यात आधी सांगायची गोष्ट तीच होती.

"झाला संपला," त्या म्हणाल्या. "मी दुसरी धवलारीण सांगते. प्राचीला नको सांगू." आणि त्यांनी 'धवलारीण' हा शब्द म्हटला तेव्हा फटीतून वारा गेला. तो त्यांनी ऐकला, मीही ऐकला. सोसायटीच्या हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली ही बाई माझ्या बाकावर इवलीशी होऊन बसली होती.

मी दात उचलून धुतला. मूळ कापून टाकलं, वरचा भाग घासूनपुसून पॉलिश केला. मग तो त्याच जागी ठेवून मागच्या बाजूनं एका पातळ धाग्याच्या पट्टीनं शेजारच्या दातांना चिकटवून टाकला. पट्टी बाहेरून दिसत नाही. त्यांचाच दात, त्यांच्याच जागी, फक्त आता मुळावर उभा नाही, शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे.

काम करताना माझ्या एक लक्षात आलं, आणि आज मी मिरवतो आहे ते त्याचं. गणपतीत हा दात पडला असता तर मला काहीच करता आलं नसतं, कारण तेव्हा शेजारचे दात स्वतःच नाचत होते. त्यांना कुणाला धरवलं नसतं. आता ते धरू शकत होते. आणि ते काही माझ्या हत्यारांनी घट्ट झाले नव्हते. रोज सकाळ-रात्र एक लांब धवला मनात म्हणत एका म्हातारीनं ते घट्ट केले होते. मी फक्त चिकटवलं. पण चिकटवलं मीच, हेही सांगून ठेवतो.

"म्हणून बघा," मी म्हणालो.

त्यांनी आरशात बघत हळूच एक ओळ म्हटली. मग थोडी मोठ्यानं. बाहेर बसलेल्या पेशंटांचं बोलणं थांबलं.

"चिंबोरी?" मी विचारलं.

"सून फोरून देल," त्या म्हणाल्या. "येशील न लग्नाला? बायकोला घेऊन ये."

लग्न सकाळचं होतं, कामोठ्याच्या गावातच, मोरेश्वरच्या जुन्या घरापुढे मांडव. डीजेवाला आपली खोकी लावून तयार होता, पण मोरेश्वरनं त्याला दम देऊन ठेवला होता, "आईचं होईपर्यंत वायर लावायची नाय." आम्ही पोचलो तेव्हा प्राचीला पाटावर बसवलं होतं, कलश मांडले होते, आणि बायकांच्या घोळक्यात पदूबाय नवं हिरवं लुगडं नेसून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी नुसतं ओठ उचलून दात दाखवले. भटजी दचकले.

मग त्यांनी सुरुवात केली. मी खुर्ची ओढून अगदी पुढे बसलो, जिथून खालचे दात दिसतात. पट्टी सुटली तर? नेमकी मोठ्या स्वरात सुटली तर? मी त, थ, द, ध मोजावेत तसे ऐकत होतो. प्रत्येक 'स' ला श्वास धरत होतो. शब्द एकेक सुटे, स्वच्छ, ठणठणीत येत होते. मागे दोन बायका ओळ उचलून धरत होत्या, पण सगळ्यांवर चढून आवाज पदूबायचाच. शेवटी शेवटी तो जरा ओला झाला, नात निघाली होती, पण वारा कुठे गेला नाही. धवला संपला, मी घाम पुसला, आणि मांडवातल्या बायका माझ्याकडे वळून हसल्या. मी समजलो की त्यांच्यापर्यंत दातांची गोष्ट पोचलीय. मीही अदबीनं मान हलवली.

जेवून निघालो. गाडी हायवेला लागेपर्यंत मी बोलतच होतो. पट्टी कशी टिकली, हिरडीचा रंग कसा होता, वरच्या दातांमागे एक कण थर नव्हता. वैशाली खिडकीबाहेर बघत होती.

"काय गं, तुला नाही आवडलं?"

"फार आवडलं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही का काही वाटलं?"

"अगं, तेच तर सांगतोय मघापासून. एक अक्षर सुटलं नाही!"

"अहो, कुंभारानं मडकी आणली, सोनारानं मणी आणले, असं मांडवाला ज्यानं ज्यानं हात लावला त्याचं त्याचं नाव घेत होत्या ना त्या? त्यात शेवटी म्हणाल्या, पनवेलच्या डाक्टरानं दात राखले, म्हणून पोरीचा मांडव गाजला. तेव्हाच त्यांचा आवाज भरून आला."

मी गाडी कडेला घेतली. "माझं नाव? धवल्यात? परत सांग, नक्की कसं म्हणाल्या?"

"शब्द हेच होते, चाल मला येत नाही," वैशाली म्हणाली. "अख्खा मांडव तुमच्याकडे बघत होता, आणि तुम्ही वाकून त्यांच्या तोंडात बघत होतात."